बंदुकांची जत्रा आणि दीड तासाचा वर्ग

डॅलसला मुलीकडे गेलं की माझा कार्यक्रम ठरलेला असतो. देऊळ, इंडियन स्टोअर, मराठी मंडळाचं काही असलं तर ते, आणि उरलेला वेळ घरात. 2024 च्या मे महिन्यात मात्र मी चक्क बंदुकांच्या जत्रेला जाऊन आले. सांगलीत मैत्रिणींना सांगितलं तर त्यांना वाटलं मी फिरकी घेतेय.

तर मंडळी, नॅशनल रायफल असोसिएशन, म्हणजे एन.आर.ए., या संघटनेचं वार्षिक अधिवेशन त्या वर्षी डॅलसला होतं. हे नाव मी ऐकून होते ते राजकारणामुळे. संघटना मात्र 1871 सालची. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर, आपल्या सैनिकांना धड नेम धरता येत नाही म्हणून दोन माजी लष्करी अधिकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये काढलेली. (जन्मभर इतिहास शिकवला, त्यामुळे कुठेही जायचं म्हटलं की आधी सनावळी बघते. खोड जात नाही.)

जायचं कारण घरातलंच. 6 मे 2023 ला डॅलसजवळच्या ॲलन गावातल्या आउटलेट मॉलमध्ये एका माणसाने गोळीबार करून आठ जणांना मारलं. त्यात हैदराबादकडची एक तरुण इंजिनिअर मुलगीही होती. त्याच मॉलमधून मी ह्यांना स्वेटर आणला होता. तेव्हापासून जावई म्हणत होते, घरात एक पिस्तूल असावं. मुलगी म्हणत होती, मुळीच नको. शेवटी जावई म्हणाले, "आई, तुम्ही चला. बघा आणि मग सांगा." सासूला पंच नेमणारा जावई विरळाच!

आत गेल्यावर पहिली जाणवली ती गर्दी नव्हे, आवाज. टक, टक, टक. हजारो माणसं टेबलावरची पिस्तुलं उचलून, नेम धरून, चाप ओढून बघत होती. प्रदर्शनातल्या बंदुकांच्या फायरिंग पिना आधीच काढून ठेवलेल्या असतात, त्यामुळे भीती नाही. पण तो आवाज दोन दिवस माझ्या कानातून गेला नाही. माणसं मात्र अतिशय अगत्यशील. बाबागाडीतली बाळं होती, माझ्याएवढ्या आजीबाई होत्या. एकीने मला गुलाबी मुठीचं पिस्तूल हातात दिलं. कॉलेजात एन.सी.सी.त पॉइंट टू-टू रायफलच्या पाच गोळ्या झाडल्या होत्या, त्यानंतर थेट हेच. वजन बघून परत ठेवलं.

एका कोपऱ्यात वेगळा स्टॉल दिसला. काळे पट्टे, गॉझच्या गुंडाळ्या, कात्र्या. पट्टा म्हणजे टूर्निके, जखमेच्या वर बांधून दांडी फिरवून आवळायचा. किंमत तीस डॉलरच्या आसपास. स्टॉलवाला पूर्वी सैन्यात वैद्यकीय मदतनीस होता. म्हणाला, विकत नंतर घ्या, आधी वर्ग करा, फुकट असतो. त्या अख्ख्या दिवसात मला पटलेलं हे एकच वाक्य.

मग पुढच्या शनिवारी, 25 मे ला, मी आणि नात एका हॉस्पिटलमधल्या वर्गाला गेलो. आदल्याच दिवशी युवाल्डीच्या शाळेतल्या हत्याकांडाला दोन वर्षं झाली होती. टेक्सासमधलीच शाळा, 19 मुलं आणि दोन शिक्षिका. त्याबद्दल वर्गात कोणी काही बोललं नाही, पण बसलेल्यांत शिक्षिकाच जास्त होत्या.

हा 'स्टॉप द ब्लीड'चा वर्ग. 2012 साली सँडी हुकच्या शाळेत 20 मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली. त्यानंतर हार्टफर्डचे सर्जन डॉ. लेनवर्थ जेकब्स आणि इतरांनी विचार मांडला, की रुग्णवाहिका येईपर्यंत जवळच्या माणसाला रक्त थांबवता आलं पाहिजे. 2015 पासून ही मोहीम सुरू झाली. मोठी रक्तवाहिनी तुटली तर पाच मिनिटांतही माणूस जाऊ शकतो.

शिकवणारी नर्स होती, आणि शिक्षिका म्हणून पहिल्या नंबरची. आधी 911 ला फोन. मग जखम शोधा, कपडा कापा, दोन्ही हातांनी सगळा भार टाकून दाबा. खोल असेल तर गॉझ बोटाने आत ठासत जा आणि वरून दाबून धरा. हाता-पायाला असेल तर पट्टा जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांध्यावर नाही, आणि रक्त थांबेपर्यंत आवळायचा. वेळ लिहून ठेवायची. छातीला, पोटाला पट्टा चालत नाही. आमच्या काळच्या प्रथमोपचाराच्या पुस्तकात हा पट्टा अगदी शेवटचा उपाय होता. इराक-अफगाणिस्तानच्या युद्धांनंतर ते मत बदललं.

मी विचारलं, पहिलीतलं मूल असेल तर? ती म्हणाली, बहुतेक मुलांना मोठ्यांचाच पट्टा चालतो, अगदीच चिमुकलं असेल तर हातानेच दाबून धरायचं. मागच्या बाकावर कोणीतरी नाक शिंकरलं.

मग जोड्या लावल्या. नातीने माझ्या दंडाला पट्टा बांधला, सफाईने, जणू रिबीनच बांधतेय. दांडी फिरवली तशी मी कळवळले. "आजी, दुखतंय ना? मग बरोबर आहे." तिला शाळेत आधीच शिकवलं होतं. टेक्सासमध्ये 2019 च्या कायद्याने शाळांत हे साहित्य ठेवावं लागतं आणि सातवीपासून पुढच्या मुलांना शिकवावं लागतं. पेटी कुठल्या भिंतीवर आहे, तेही तिने सांगितलं, ग्रंथालय कुठे आहे ते सांगावं तितक्या सहज. तेरा वर्षांची आहे. तिच्या वयाच्या मुलींना मी संधी-समास शिकवत होते.

घरी आल्यावर जावयांनी मत विचारलं. मी म्हटलं, घरात ही मुलगी आहे तोवर नको. त्यांनी ऐकून घेतलं आणि ऑगस्टमध्ये पिस्तूल घेतलं, तिजोरीसकट. मुलगी आठ दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती. आता दोघांच्याही गाडीत पट्टा असतो, त्याबद्दल वाद नाही.

मी दोन पट्टे इकडे आणले. एक माझ्या पिशवीत. दुसरा आमच्या नेहमीच्या रिक्षावाल्याला दिला, कारण सांगली-मिरज रस्त्यावर त्याच्या डोळ्यांदेखत अपघात होतात. त्याने आधी विचारलं, "बाई, मदत केली आणि पोलिसांनी मलाच बसवून ठेवलं तर?" मग 2016 चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आणि 2019 साली मोटार वाहन कायद्यात आलेलं मदत करणाऱ्याचं संरक्षण, दोन्ही समजावलं. ते त्याला कितपत पटलं कोण जाणे. पण परवा स्टँडवर गेले, तर दुसऱ्या एका रिक्षावाल्याचा हात धरून तो दांडी फिरवत होता आणि तो बिचारा ओरडत होता.