चोरलेली जात, झाकलेले नाव

बाबुराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ साली आला. मी तो दीक्षाभूमीच्या परिसरात, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीत घेतला आणि मोमिनपुऱ्यातल्या घरी दोन रात्रींत वाचून काढला.

शीर्षककथेतला तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी उधन्याला जातो. भाड्याची खोली हवी म्हणून जात झाकतो. ती उघडी पडते आणि तो मार खातो. माझा मुलगा पुण्यात खोली शोधत होता, तेव्हा घरमालक आधी आडनाव विचारत. दलाल म्हणाला, "नुसतं पहिलं नाव सांगा, ते दोन्हीकडे चालतं." मुलाने मला फोनवर विचारले, "अब्बा, मग ईदला नवे कपडे घालून कुठे चाललो म्हणून सांगू?" सातव्या घरी त्याला पूर्ण नावानिशी खोली मिळाली.

'विद्रोह' या कथेत बाप मुलाला आपलेच मैला साफ करण्याचे काम धरायला लावतो. मुलाला शिकायचे असते. बाप दुष्ट नाही, त्याच्या तोंडून गरिबी बोलते. आमच्या विणकर वस्तीतही पोराला शाळेतून काढून मागावर बसवणारे असे बाप होते.

अस्पृश्यतेचे दुःख आणि आपले दुःख एक नव्हे. तरीही हे पुस्तक आपल्या घराघरांत जावे. भाड्याच्या घरासाठी आडनाव विचारले की आपल्याला झोंबते, मुलीचे स्थळ पाहताना मात्र पहिला प्रश्न आपलाच असतो, "बिरादरी कोणती?"