सहावीचा सेट
बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करत होते तेव्हा, चोविसाव्या वर्षी, मला आवाज ऐकू येऊ लागले. स्किझोफ्रेनिया हे नाव कळेपर्यंत दीड वर्ष गेलं. गोळ्यांनी आजार बराचसा ताब्यात आला तेव्हा मी एकतीस वर्षांची झाले होते आणि घरात मला काही कामच उरलं नव्हतं. आई साधी मेथी निवडायला देत नसे. "तू पड जरा," म्हणायची. मायेनंच म्हणायची. ते ऐकत मी तीन वर्षं पडून काढली.

पुढे पुनर्वसन केंद्रात जाऊ लागले. कागदी पिशव्या करायच्या, दिवाळीत पणत्या रंगवायच्या. तिथं मी माणसांत आले, रोज वेळेवर आंघोळ करून बाहेर पडायची सवय लागली, ते ऋण मोठं आहे. पण पिशवी वाकडी झाली तरी सगळे "छान" म्हणत. ते मला खुपायचं.

केंद्रात नोकऱ्यांचं बघणाऱ्या ताईंनी एक दिवस विचारलं, "तुला काय काम करायचंय?" इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "पुस्तकांचं."

त्या ज्या पद्धतीनं काम करत, ती अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये डेबोरा बेकर आणि रॉबर्ट ड्रेक यांनी नव्वदच्या दशकात बसवली. आधी माणसाला वर्षभर तयार करा आणि मग नोकरी बघा, असं त्यात नाही. काम करायची इच्छा असली की पुरे. बाजारातली खरी नोकरी लगेच शोधायची आणि नोकरी लागल्यावरही मदत चालू ठेवायची. बाबांचा ओढा मात्र सरकारी नोकरीकडे होता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ४ टक्के जागा राखीव आहेत, त्यातल्या १ टक्क्यात मानसिक आजार येतो. पण त्यातही स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता असे आणखी वाटेकरी. या राखीव जागांसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. आईला दाखल्याचीच धास्ती. "धाकटीचं लग्न व्हायचंय," एवढंच म्हणाली. मी तिला दोष देत नाही. आमच्या नात्यात अशी स्थळं मोडलेली तिनं पाहिली होती.

ताई माझ्यासाठी अप्पा बळवंत चौकात पुस्तकांची दुकानं फिरल्या. आजाराबद्दल कुठे किती सांगायचं, ते मी ठरवायचं. पहिल्या दुकानात सगळं सांगितलं. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "इथं गर्दी असते, उद्या काही झालं तर?" दुसरीकडे एवढंच सांगितलं, की मानसिक आजाराचं औषध चालू आहे, गुंगी सकाळी उशिरापर्यंत उतरत नाही, म्हणून बारा ते सहा जमेल. त्या काकांनी विचारलं, "मोजणी बरोबर येईल ना?"

तिथं मला काम मिळालं, गोडाऊनमध्ये. शाळेची यादी घेऊन इयत्तेप्रमाणे सेट लावायचे: बालभारतीची पुस्तकं, वह्या, व्यवसायमाला. सेट लागला की सुतळीनं बांधायचा. औषधानं माझा हात थरथरतो, गाठ बसेना. दुसऱ्या आठवड्यात ताई येऊन माझ्याशेजारी गठ्ठ्यांवर बसल्या, दुपारभर बघत राहिल्या, मग काकांशी बोलल्या. मी यादीप्रमाणे सेट लावायचे आणि बांधायचं शेजारच्या पोरानं, असं ठरलं. एवढाच बदल, पण तो झाला नसता तर मी महिन्याभरात घरी बसले असते. आवाज अजूनही येत. पुस्तकं मोठ्यानं मोजली की ते मागे पडत, आणि गोडाऊनमध्ये सगळेच मोठ्यानं मोजतात.

जूनच्या गर्दीत एका शाळेला सहावीचे दहा सेट भूगोलाशिवाय गेले. काका सगळ्यांसमोर ओरडले, "लक्ष कुठं होतं तुझं?" बाकीच्या पोरांवर ओरडायचे त्याच आवाजात. मी रडले. पण रात्री जेवताना घरी सांगितलं, "आज माझी चूक झाली," तेव्हा छातीवरचं काहीतरी उतरलं. दुसऱ्या दिवशी दहा भूगोल रिक्षात घालून मीच पोचवून आले.

पहिल्या पगारातून आईला पातळ घेतलं. ती बराच वेळ घडीवरून हात फिरवत होती. दुसऱ्या दिवशी तिनं मेथीची जुडी माझ्यापुढे ठेवली.

ऑगस्टमध्ये बरं वाटतंय म्हणून मी गोळ्या चुकवल्या. पोरं माझ्याबद्दलच कुजबुजतात असं वाटू लागलं. असं वाटलं तर काय करायचं, ते ताईंनी आणि मी आधीच एका कागदावर लिहून ठेवलं होतं: झोप मोडणं, कुजबुज ऐकू येणं, जेवण सुटणं, यातलं एक जरी झालं तरी फोन करायचा. मी केला. डॉक्टरांनी औषध पुन्हा बसवलं. ताईंनी काकांना कळवलं, की ही नऊ दिवस येणार नाही.

दहाव्या दिवशी बारा वाजता गोडाऊनच्या पायऱ्या चढताना पाय जड झाले होते. आत काका यादी घेऊनच उभे होते. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ती माझ्या हातात दिली.

"सहावीचे चाळीस सेट आहेत. आधी भूगोल मोज."