जॅक

परवा चटणी वाटताना मिक्सरची मोटर जळाली. वायंडिंगच्या वॉर्निशचा वास घरभर पसरला आणि मला चटणीच्या आधी काकाचा जॅक आठवला. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या गच्चीवर जाळीची मोठी डिश होती. ती पूर्व-पश्चिम फिरवणाऱ्या मोटरच्या दांड्याला सगळे जॅकच म्हणायचे.

केबलवाल्यांना मोटर नको असते. त्यांना सगळ्या घरांत सगळं एकदमच दाखवायचं, म्हणून एकेका उपग्रहावर एकेक डिश रोखलेली. मोटर हा एकट्याचा नाद. उद्यमनगरात लेथ चालवणाऱ्या काकाला कार्यक्रमांत रस नव्हताच. बटण दाबलं की पोझिशनरवरचे, म्हणजे डिश फिरवणाऱ्या खालच्या डब्यावरचे, आकडे पळायचे, पडद्यावर मुंग्या, मधेच एखादी रशियन बाई बातम्या देताना उगवायची. "ही बघ, आली," म्हणायचा आणि लगेच पुढं.

मग ऑक्टोबर १९९२ मध्ये झी टीव्ही सुरू झाला आणि आजीनं निकाल दिला: डिश हलवायची नाही. झीचा उपग्रह एशियासॅट, १०५.५ अंश पूर्व. म्हणजे आमच्याकडून साधारण विद्यापीठाच्या बाजूला तोंड. झीच्या मालिकांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. सगळं घर त्यांच्यात रमलं आणि डिश पावसाळ्यामागून पावसाळे एकाच जागी भिजत राहिली.

एका रात्री घर झोपल्यावर काकानं बटण दाबलं. आकडा हलेना. जॅकला चार तारा असतात: दोन मोटरच्या, दोन सेन्सरच्या. मोटरला वीज देऊनही सेन्सरकडून मोजणी आली नाही, तर पोझिशनर काही सेकंदांत करंट तोडतो. त्यामुळं मोटर गेली की सेन्सर, हे खाली बसून कळत नाही. मी बॅटरी धरून मागं, काका पुढं. जॅकच्या पाइपला कान लावून म्हणाला, "कण्हतंय. जीव हाय अजून." मग जीपची बॅटरी वर आणली, तारा सोडवून थेट टेकवल्या, मग उलट्या टेकवल्या. ठिणगी पडली, दांडा जागचा हलला नाही. थोड्या वेळानं तो वास.

उघडल्यावर कळलं, दांड्यावरचा रबरी बूट फाटला होता. आत पाणी, नळी गंजून जागीच धरलेली. बिचारी मोटर जोर लावून जळाली होती.

इथं मला उगाच इन्सॅट उपग्रह आठवतो. एप्रिल १९८२ मध्ये सोडलेल्या इन्सॅट-१एचं सौरशीड उघडलंच नाही. सप्टेंबरात उपग्रह हातचा गेला. ३० ऑगस्ट १९८३ ला चॅलेंजर यानातून १बी निघाला, तर त्याचीही सौरपटलं अडकली. ती सप्टेंबरच्या मध्याला उघडली. पुढं तो उभा राहिला ७४ अंश पूर्वेला, म्हणजे जवळपास कोल्हापूरच्याच रेखावृत्तावर, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर. हसनच्या उपग्रह नियंत्रण केंद्रातल्या माणसांना पाइपला कान लावायची सोय नव्हती. काका हे ऐकून म्हणाला होता, "त्यांची झोप उडाली असंल गं."

काकानं मोटर पुन्हा भरून आणली, नट स्वतः लेथवर पितळेचा काढला. जॅक चालू झाला. फिरवायची परवानगी मात्र मिळाली नाही.

पुष्कळ वर्षांनी त्याला नारायणगावजवळ खोडदला नेलं. तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. त्यातली एक आमच्यासमोर सावकाश वळली. माहिती सांगणारा मुलगा पल्सार, आकाशगंगा असं बरंच बोलत होता. काकानं एकच विचारलं, "ग्रीस कोण घालतं?" मुलगा हसला. मला त्याचाही राग आला. प्रश्न अगदी बरोबर होता.

तुमच्या गच्चीवर असा जॅक अजून असेल तर भंगारात घालू नका. आधी बूट तपासा, बारा व्होल्टची बॅटरी लावून बघा. हळू का होईना, सरकला तर ग्रीस भरा आणि अधूनमधून हलवत राहा. सोलर पॅनल सूर्यामागं फिरवायला तोच दांडा चालतो.