समोर की पुढे?

‘इन फ्रंट ऑफ’ हे तीन इंग्रजी शब्द शाळेची पायरी चढलेल्या प्रत्येक मुलास ठाऊक असतात. त्यांचा अर्थ विचारला तर ते मूल क्षणाचाही विलंब न लावता ‘समोर’ असे सांगते. मार्गदर्शिकेत तसेच छापलेले असते, शिक्षकही तसेच सांगतात, आणि त्यास चूक म्हणावे असे त्यात काही नाही. तथापि सुरतेस वास्तव्य घडल्यापासून आमची अशी खात्री होऊन चुकली आहे की, हे उत्तर अर्धेच आहे, आणि उरलेले अर्धे आपल्याच भाषेत, किंबहुना आपल्याच अंगणात पडून राहिलेले आहे.

सुरत हे शहर घरांच्या क्रमांकांवर फारसे विसंबत नाही. तेथील कोणतीही पाटी वा लग्नपत्रिका पाहावी. पत्ता खुणेवरून दिलेला असतो, आणि ती खूण इंग्रजी आद्याक्षरांनी सांगितलेली असते. ‘ऑप.’ म्हणजे समोर, ‘निअर’चे पहिले व शेवटचे अक्षर म्हणजे जवळ, आणि ‘बी’ व ‘एच’ यांच्यामध्ये तिरकी रेघ ओढली म्हणजे मागे. तोंडी विचारावे तर सुरती माणूस ‘सामे’, ‘पासे’, ‘पाछळ’ असे सांगून हाताने दिशा दाखवितो. त्यातही त्याचे ‘आगळ’ मोठे फसवे! ‘स्टेशन आगळ’ म्हणजे स्टेशनच्या पुढे, की नुसतेच स्टेशनापाशी, हे बोलणाऱ्याच्या हाताकडे पाहिल्यावाचून कळत नाही. त्यातून सुरतेच्या स्टेशनास दोन बाजू. वराछाकडे उतरणाऱ्यास ती बाजू पुढची वाटते, शहराकडे उतरणाऱ्यास ही. अलीकडे मोबाइलवरील नकाशा घरापर्यंत आणून सोडतो हे खरे. परंतु शेवटची वीस पावले अजून माणसालाच विचारून चालावी लागतात.

या शहरात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे फार. उधन्याहून जळगावकडे जाणारी तापी खोऱ्यातील रेल्वे नंदुरबार, अमळनेरवरून जाते, आणि त्याच वाटेने लिंबायत, उधना, डिंडोली हे भाग मराठी माणसांनी भरून गेले. महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळाही तेथे आहेत. आमच्या शेजारी असेच एक कुटुंब राहत होते. गृहस्थ लूमच्या कारखान्यात कामास. घरात अहिराणी, शाळेत शिकले ते मराठीत, खात्यावर गुजराती आणि हिंदी. इंग्रजीशी त्यांचा संबंध दहावीच्या परीक्षेपुरता आलेला.

त्यांच्या पत्नीची प्रसूती एका खासगी रुग्णालयात झाली. रात्री रक्तस्राव थांबेना, तेव्हा डॉक्टरांनी एक औषध तातडीने आणावयास सांगून चिठ्ठी हाती दिली. त्या चिठ्ठीच्या तळाशी इंग्रजीत छापले होते की, औषधे इमारतीच्या ‘इन फ्रंट ऑफ’ असलेल्या दुकानात मिळतील. गृहस्थांनी ते वाचले, अर्थ मनाशी ‘समोर’ असा लावला, आणि ते धावत फाटकाबाहेर पडले. रस्ता रुंद, मधे दुभाजक, वर उड्डाणपूल. तो सर्व ओलांडून पलीकडे गेले, तर तेथील एक दुकान बंद, दुसऱ्यात ते औषध नाही. तिसरे शोधीत ते पुढच्या चौकापर्यंत गेले. तासाभराने औषध घेऊन परतले, तेव्हा परिचारिका रागावून म्हणाली की, दुकान तर येथेच, आवारात, पायऱ्या उतरल्याबरोबर आहे. तुम्ही गेलात कोठे?

बाई वाचली, मूलही सुखरूप राहिले. परंतु तो एक तास आम्ही अद्याप विसरलो नाही, आणि त्या गृहस्थांस तर तो जन्मभर विसरता येणार नाही.

यात दोष कोणाचा? चिठ्ठीचे इंग्रजी निर्दोष होते. इमारतीच्या दर्शनी बाजूस, तिला लागून, मधे रस्ता न येता जे असते ते ‘इन फ्रंट ऑफ’. रस्त्यापलीकडे, तोंडास तोंड देऊन जे उभे असते त्यास इंग्रज ‘ऑपोझिट’ म्हणतो. अमेरिकन माणूस तेथे ‘अक्रॉस फ्रॉम’ म्हणतो, त्यात तर ओलांडणे शब्दातच आले. आमच्या शेजाऱ्यांचे वाचनही त्यांस शिकविल्याप्रमाणेच होते. ‘समोर’ म्हणजे रस्त्यापलीकडे हे कोणत्याही मराठी माणसास सहज वाटेल. मग तिढा कोठे पडला? आमच्या मते तो त्या एका शब्दाच्या भाषांतरात पडला.

कारण मराठीत हा भेद नाही असे मुळीच नाही. आपण ‘घरापुढे अंगण’ म्हणतो आणि ‘घरासमोर शाळा’ म्हणतो. दारापुढे रांगोळी घालतात, दारासमोर रस्त्यापलीकडे वाण्याचे दुकान असते. रेशनच्या रांगेत आपल्या पुढे उभा असतो त्याची पाठ दिसते. जेवावयास समोर बसतो त्याचे तोंड दिसते. पहिला ‘इन फ्रंट ऑफ’, दुसरा ‘ऑपोझिट’. अहिराणीत ‘म्होरे’ म्हणतात तेही हेच. त्या चिठ्ठीचा अर्थ ‘इमारतीपुढे’ असा मनात आला असता, तर ते गृहस्थ पायऱ्यांवरूनच डावीउजवीकडे पाहते.

हा कस सर्वत्र चालतो असे मात्र नाही. शिक्षक वर्गापुढे उभे राहतात, त्यांचे तोंड मुलांकडेच असते, तरी इंग्रजीत ते ‘इन फ्रंट ऑफ’च. आरशापुढे कोणी म्हणो वा आरशासमोर, इंग्रजीस दोन्ही सारखेच. भाषा ही काही सुताराची पट्टी नव्हे.

या तीन शब्दांत आणखी एक काटा आहे. मधे ‘द’ एवढे एक अक्षर घातले की अर्थ उलटतो. ‘इन द फ्रंट ऑफ द बस’ बसणारा मनुष्य चालकाजवळच्या आसनावर सुखाने बसलेला असतो. ‘इन फ्रंट ऑफ द बस’ बसणारा रस्त्यावर, चाकांच्या वाटेत बसलेला असतो! आपल्या भाषेत या ‘द’ला जोड नाही, म्हणून आपली मुले तो बिनदिक्कत गाळतात. आपण ‘बसमध्ये पुढे’ आणि ‘बसच्या पुढे’ म्हणून मोकळे होतो, आणि आमच्या मते आपली रीत अधिक स्वच्छ आहे.

‘मुलांसमोर भांडू नये’ यातील ‘समोर’ही इंग्रजीत ‘इन फ्रंट ऑफ’ होते, तेथे जागेचा प्रश्न नसून डोळ्यांचा असतो. याला आपला जुना शब्द ‘मुलांदेखत’. तो हल्ली कानावर पडेनासा झाला आहे. न्यायाधीशापुढे वा राजापुढे उभे राहणे मात्र इंग्रज बहुधा ‘बिफोर’ने सांगतो. आणि वेळेच्या ‘पुढे’शी तर ‘इन फ्रंट ऑफ’चा संबंधच नाही, ‘पुढील रविवार’ याचे भाषांतर करताना आमच्याकडे शिकावयास येणाऱ्या एका मुलाने रविवारलाही ‘फ्रंट’ लावला होता.

वसईजवळच्या तर्खड गावाचे नाव ज्यांच्या आडनावात आहे ते दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–१८८२) यांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले, आणि त्यानंतर काही वर्षे ते याच सुरतेत इंग्रजी शाळेत शिक्षक होते. मेहताजी दुर्गाराम यांच्यासह १८४४ साली मानवधर्म सभा स्थापणाऱ्यांत तेही होते. त्याही आधी, १५७९ साली गोव्यास आलेले इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्स यांस उलट वाटेने जावे लागले. त्यांच्या मातृभाषेत असे शब्द नामाच्या आधी येतात, आपल्यात नामाच्या मागून शब्दयोगी होऊन येतात. ते वळण त्यांनी असे पचविले की १६१६ साली त्यांचे ख्रिस्तपुराण छापून निघाले. पुढे आणि समोर यांतील भेद त्यांस कोणी कसा समजावून दिला असेल, याचे आम्हांस फार कुतूहल आहे.

आमचे शेजारी अजून लूमवरच आहेत. मुलगी आता मराठी शाळेत जाते. पत्ता विचारताना मात्र त्यांनी स्वतःपुरती एक रीत पाडली आहे. कोणी ‘सामे’ म्हणो, ‘आगळ’ म्हणो वा इंग्रजीत काही सांगो, ते एवढेच विचारतात, “रस्ता ओलांडायचा, की नाही ओलांडायचा?”