पाण्याची करवत

घरात पाणी येणे आणि घरात पाणी आणणे यांत केवढे अंतर आहे, हे महाडकरास निराळे समजावून सांगावे लागत नाही. वरून घाटाचे पाणी आणि खालून खाडीची भरती हा पेच आमच्या गावाच्या पाचवीलाच पुजलेला आहे. पण २२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी यांनी जे रूप दाखविले, ते आमच्या घरातल्या जुन्या माणसांच्याही हिशेबात बसणारे नव्हते. माजघरात छातीइतके पाणी उभे होते. ते ओसरले, गाळ उपसला, भिंती वाळल्या. जमीन मात्र खालचा भराव खचल्यामुळे पावलागणिक पोकळ वाजू लागली. लाद्या बदलावयाच्या, हे ठरण्यास आम्हाला काही वर्षे लागली. त्या कापावयाच्या कशाने, या प्रश्नाने पुढे आणखी पंधरा दिवस खाल्ले.

काम पोलादपूरकडच्या एका गवंड्याला दिले होते. माणूस पन्नाशीचा, हाताचा सफाईदार आणि मितभाषी. पहिल्याच दिवशी त्याने आपले चार इंची हातयंत्र काढून ओटीवर एक लादी कापली मात्र, घराची पिठाची गिरणी झाली. देव्हारा, पुस्तकांचे कपाट, आमचे मांजर, सर्वांवर एकच पांढरी छटा! गवंडी खोकला, आणि तो खोकला त्या दिवशीचा नव्हता, हे ऐकणाऱ्यास कळत होते.

लादीत सिलिका असते. दिसते ती धूळ खाली बसते. न दिसणारी फुप्फुसात जाऊन कायमची वस्ती करते. तिच्यापासून होणाऱ्या सिलिकोसिस या रोगाला उतार नाही, आणि तोंडाला गुंडाळलेल्या पंचाला ती धूळ जुमानीत नाही. हे मी शाळेत मुलांना शिकविले होते. माझ्याच ओटीवर ते पाहावे लागेल असे वाटले नव्हते. काम थांबवून मी बाजारात गेलो.

दुकानदाराने तीन तऱ्हा दाखविल्या. पहिली, दांडीवर सरकणाऱ्या चाकाने लादीवर रेघ ओढून दाबाने ती मोडावयाची. हिला वीज नको, पाणी नको, धूळ जवळजवळ नाहीच. पण दाराच्या चौकटीपाशी लादीचा कोपरा काटकोनात काढावयाचा झाला, की ही बिचारी हात टेकते. दुसरी, गवंड्याच्या हातात होती तीच. तिसरी म्हणजे पाण्याची करवत: वर सपाट पत्रा, मधून डोकावणारे चक्र आणि खाली पाण्याचे तबक. चक्र पाण्यात भिजत फिरते, त्यामुळे ते तापत नाही आणि धुळीचा जागच्या जागी चिखल होतो. चक्राला दात नसतात, याचे मला नवल वाटले. त्याच्या कडेला हिरकण्या बसविलेल्या असतात आणि त्या लादी कापीत नाहीत, घासून झिजवितात. रायगडाच्या छायेत राहणाऱ्यास हिरकणी म्हटले, की बुरूजच आठवावयाचा. पण शब्दाचा मूळ अर्थ हा असा माझ्यापुढे गरगर फिरत होता.

दुकानदार मोटारीच्या शक्तीचे गुणगान करीत होता. माझ्या मते ती गोष्ट दुय्यम. चक्र फिरताना डगमगते काय, लादी टेकवावयाची पट्टी चक्राशी समांतर राहते काय, तबक सहज काढून धुता येते काय, हे पाहावे. चक्राची कड अखंड हवी. खाचा पाडलेले चक्र काँक्रीटला ठीक, पण लादीच्या चकाकीचे टवके काढते. आणि आपली लादी पत्र्यावर मावते काय, हे आधी मोजावे. दोन फुटी लादी तिरकी कापावयाची तर कर्ण चौतीस इंचांच्या घरात जातो; आखूड पत्र्यावर ती लोंबकळते आणि शेवटच्या बोटभर अंतरात तडकते. पाणी आणि वीज यांचा शेजार असल्यामुळे तीस मिलिॲम्पिअरच्या गळतीला वीज तोडणारी कळ मी आधी बसवून घेतली. तारही सॉकेटच्या खाली झोळ येईल अशी सोडावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी सॉकेटात न शिरता झोळावरूनच ठिबकते.

यंत्र घरी आणले तेव्हा गवंडी प्रसन्न होईल, अशी माझी समजूत होती. तो यंत्राभोवती एक फेरी मारून म्हणाला, "चांगलं आहे, गुरुजी. पण वेळ खाईल." पेन्सिलीची खूण भिजून पुसते, कापलेली लादी पुसून वाळवावी लागते, तबकातला राडा वरचेवर काढावा लागतो. मी त्याला आरोग्यावर पाच मिनिटे ऐकविले. ते संपल्यावर आतून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "त्यांना पैसे फुटावर देता, आणि सावकाश कापा म्हणता?"

मी शरमलो. यंत्राची किंमत मी दिली होती. त्याच्या संथपणाची किंमत मात्र तो गवंडी देणार होता, आणि हा हिशेब माझ्या ध्यानातही आला नव्हता. त्याच दिवशी फुटाचा करार मोडून रोजाचा केला. काम अकरा दिवसांऐवजी सतरा दिवस चालले. आमच्या माजघरात पुन्हा पाणी सांडत होते, पण या खेपेस बादलीने मोजून. लादीच्या रंगाचा चिखल मोरीत न ओतता परसातल्या खड्ड्यात गेला, कारण तो नळीत बसला की दगडासारखा घट्ट होतो.

निरोपाच्या वेळी मी यंत्र त्यालाच देऊ केले. तो संकोचला. "आमच्या वाडीत चैत्र-वैशाखात हंडाभर पाण्याला खाली उतरावं लागतं, गुरुजी. तिकडच्या कामाला हे कुठं चालवू?" अखेर असे ठरले, की यंत्र आमच्या पडवीत राहावे, पावसाळा लागला की त्याने न्यावे आणि फाल्गुनात परत आणून ठेवावे.

गेल्या फाल्गुनात तो आला तेव्हा मी विचारले, "आता उन्हाळ्यात कशानं कापता?"

त्याने डोक्याचा पंचा सोडला आणि तोंडाभोवती गुंडाळून दाखविला.