प्रश्नचिन्हाची साथ

अमेरिकेचं राष्ट्रगीत गायला अवघड. पल्ला जवळजवळ दीड सप्तकाचा. सुरुवात जरा वरून झाली, की तारस्वरावर गळा दगा देतो. तरी मैदानांवर पुष्कळदा ते एकटाच गायक, साथीविना गातो.

नॅशव्हिलमध्ये एका सामन्याआधी मात्र गायिकेशेजारी पेडल स्टील गिटार होती. चार पायांवर आडवी, दहा तारांची. डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकते. पेडल दाबलं की ठरावीक तारांचाच ताण बदलतो. एक स्वर वर चढतो, बाकीचे जागीच थांबतात. १९५४ च्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्सनं हे ऐकवलं आणि कंट्री संगीताचा आवाजच बदलला. माझ्या कानाला ती सारंगीची संगत वाटली: गळ्याच्या अर्धा श्वास मागून येणारी.

१८१४ मध्ये बाल्टिमोरच्या किल्ल्यावर रात्रभर तोफा डागल्या गेल्या, त्यानंतर फ्रान्सिस स्कॉट की यानं हे शब्द लिहिले. गातात ते पहिलं कडवं प्रश्नावर संपतं: झेंडा अजून फडकतोय ना? गायक बहुधा तो प्रश्न विजयघोषासारखा म्हणतात. इथे तारस्वर ओसरला, स्टीलचा शेवटचा स्वर मींड घेत रेंगाळला, आणि प्रश्न प्रश्नच राहिला.

मी तिथे व्हिसावर राहणारा. इतर वेळी शिष्टाचार म्हणून उभा राहायचो. दुसऱ्याच्या विजयघोषात आपल्याला जागा नसते, प्रश्नात असते. त्या दिवशी मी मनापासून उभा होतो.