लाल रिबिनीचं सांगायचं राहिलं

ऑक्टोबर-नोव्हेंबरात भूमध्य समुद्रातला हंगाम संपला की बरीच क्रूझ जहाजं अटलांटिक ओलांडून कॅरिबियनकडं निघतात. या फेरीचं तिकीट बऱ्याचदा स्वस्त असतं आणि सलग कित्येक दिवस नुसतं पाणी असतं, म्हणून निवृत्त माणसं ती आवडीनं घेतात. नेमकं याच सुमाराला जहाजावरची माणसंही मोठ्या संख्येनं बदलतात. कुणाचं कॉन्ट्रॅक्ट संपलेलं असतं, कुणाकडं अमेरिकेचा क्रू व्हिसा नसतो. मी मूळचा इंदापूरकडच्या सणसरचा. केबिन स्टुअर्ड होतो आणि अशाच एका फेरीच्या तोंडावर बार्सिलोनाला साइन-ऑफ झालो. उतरताना जे सांगायला हवं होतं ते मी सांगितलं नाही, आणि त्याचं दुखणं एका आजींनी भोगलं.

माझ्या सेक्शनमध्ये एक इंग्रज जोडपं होतं. आधीच्या फेरीपासून जहाजावरच होतं आणि पुढं मायामीपर्यंत जाणार होतं. आजींना स्मृतिभ्रंश होता. आजोबांनी हे मला विश्वासानं सांगितलं आणि वर कुणाला कळवू नको अशी गळ घातली. कळलं तर आपल्याला उतरवतील, ही त्यांची भीती. मी हो म्हणालो. मदतीची गरज असलेल्या प्रवाशांची जहाजावर यादी असते. आग लागली, जहाज सोडायची वेळ आली, तर त्या यादीप्रमाणे माणसं धावतात. आजींचं नाव त्या यादीत नसणं किती धोक्याचं आहे, हे मला कळत होतं. पण गेस्ट खूश राहिला की अभिप्रायाच्या फॉर्मवर आपलं नाव चांगलं येतं, हेही कळत होतं, आणि मी त्यालाच जास्त जपलं.

आजोबांनी आणि मी मिळून आपली एक सोय लावली होती. लांबलचक कॉरिडॉरमध्ये सगळी दारं एकसारखी असतात, म्हणून मी त्यांच्या दारावर चुंबकानं एक लाल रिबीन लावली. आजी ती बघत बघत परत यायच्या. रात्रीच्या शेवटच्या फेरीत त्या बाहेर दिसल्या तर मी हाताला धरून आत सोडायचो.

हँडओव्हरच्या कागदावर मी जादा उशी लिहिली, सकाळचा बर्फ लिहिला. रिबिनीबद्दल एक अक्षर नाही. लिहिलं असतं तर इतके दिवस का लपवलंस, असं सुपरवायझरनं विचारलं असतं. तोंडी सांगू, असं मी मनाशी ठरवलं. पण माझ्या जागी आलेला रत्नागिरीचा मुलगा वर चढला तेव्हा विमानतळाची बस खाली उभी होती. घाईघाईत चार वाक्यं बोललो आणि निघालो.

त्या मुलाला श्वास घ्यायला वेळ नव्हता. सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय सोलास नियमांप्रमाणे, गेल्या महिन्यात त्या जहाजावर ड्रिल न केलेले कर्मचारी पाव हिश्शाहून जास्त असतील, तर बंदर सोडल्यापासून 24 तासांत आगीचं आणि जहाज सोडण्याचं ड्रिल घ्यावंच लागतं. शिवाय अमेरिकी बंदरात आरोग्य खात्याची तपासणी होऊ शकते. तिथं 100 पैकी 85 किंवा कमी गुण म्हणजे नापास, म्हणून अटलांटिकभर नुसती घासपूस चालते. त्या घासपुशीत त्यानं रिबीन काढून टाकली. त्याचं काहीच चुकलं नाही.

पश्चिमेकडं जाताना जहाजाची घड्याळं रात्री एकेक तास मागं घेतात. बार्सिलोना आणि मायामीत सहा तासांचं अंतर आहे. धडधाकट माणसालाही अवेळी जाग येते, आजींचा तर दिवस-रात्रीचा मेळच बसेना. एका रात्री आजोबा झोपेत असताना त्या बाहेर पडल्या. दार सापडेना. शोधता शोधता जिन्यावर पडल्या आणि मनगट मोडलं. जहाजावरच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. किनारा अजून कितीतरी दिवस लांब होता.

मी सणसरला पोचल्यावर त्या मुलाचा व्हॉइस मेसेज आला, ‘दादा, तुम्हाला माहीत होतं ना?’ मी उत्तर पाठवलं की तुझ्या आपोआप लक्षात येईल असं वाटलं. ते खोटं होतं. आजवर मला सगळ्यात जास्त लाज त्या उत्तराची वाटते. ठपका त्याच्यावर येत होता. मग फोन करून त्याच्याजवळ कबूल केलं आणि जहाजावर लेखी कळवलं.

काम सोपवताना सगळं सांगायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं असंही म्हणता येत नाही. आमचे वडील, अण्णा, भवानीनगरच्या छत्रपती साखर कारखान्यात पॅनवर होते. पॅनमध्ये साखरेचा दाणा वाढत असताना पाळी बदलली, तर पुढचा माणूस काचेवर नमुना घेऊन, बोटांत चोळून दाणा स्वतः पाहीपर्यंत ते जागेवरून हलायचे नाहीत. जेवण निवायचं, आई चिडायची. अण्णा तिला समजावायचे, आणि मी शेजारी बसून ऐकायचो.

पुढच्या कॉन्ट्रॅक्टपासून मी नव्या माणसाला बरोबर घेऊन दारोदार फिरू लागलो. जे प्रवासी जहाजावरच राहणार, त्यांची त्याच्याशी समोरासमोर गाठ घालून द्यायची, आजार लपवायला कुणी सांगितलं तर तिथंच नाही म्हणायचं.

आता मुंबईहूनही क्रूझ सुटतात. बारामती-इंदापूरकडची मुलंही आईवडिलांना हौसेनं पाठवतात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. विसराळूपणा असो, साखर असो, कानानं कमी ऐकू येणं असो, बुकिंग करतानाच लिहून द्या. चढल्यावर रिसेप्शनवर पुन्हा सांगा, एकट्या स्टुअर्डच्या कानात सांगून थांबू नका. आणि दोन फेऱ्या जोडून घेतल्या असतील, तर मधल्या बंदरात आपला स्टुअर्ड बदलणार आहे का, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा.